पाच सेंटिमीटरची मधली रेषा

खो-खोमध्ये आक्रमकाने एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत मागे वळायचे नाही. कबड्डीत नेमके उलटे. तिथे मधली रेषा ओलांडायची ती परत येण्यासाठीच; चढाई करणारा दम सुटण्याआधी त्या रेषेपर्यंत पोहोचला नाही तर बाद. मराठी मुलांच्या पायांना या दोन्ही रीती लहानपणीच ठाऊक होतात. बास्केटबॉलच्या कोर्टवर उतरल्यावर मात्र मधल्या रेषेपाशी त्यांचा गोंधळ होतो. इथली रेषा खो-खोच्या शिस्तीची आहे, पण ती शिस्त लावलेली आहे चेंडूला. चेंडू हातात नसलेला खेळाडू दहा वेळा मागे-पुढे गेला तरी त्याला कोणी विचारत नाही. चेंडू एकदा पुढच्या अर्ध्यात नीट नेला की तो मागे आणायचा नाही.

एवढे वाक्य सगळ्यांना पाठ असते, आणि गोंधळही याच वाक्यातून सुरू होतो. चेंडू रेषेच्या मागे घरंगळला की बाकांवरून, गॅलरीतून, पालकांच्या घोळक्यातून एकच आरोळी उठते: ‘बॅककोर्ट!’ पंच शांत उभे राहतात, खेळ चालू राहतो आणि पंचांना नियम माहीत नाही अशी कुजबुज सुरू होते. बहुतेक वेळा पंचांचेच बरोबर असते. चेंडू कुठे गेला एवढ्यावर हा नियम कधीच थांबत नाही. चेंडू कोणाच्या ताब्यात होता, पुढच्या अर्ध्यात त्याला शेवटचा स्पर्श कोणाचा झाला आणि मागे गेल्यावर पहिला स्पर्श कोणाचा झाला, ही तीन उत्तरे तो मागतो. तिन्ही उत्तरे एकाच संघाकडे बोट दाखवत असतील तरच शिट्टी.

आधी रेषा नीट पाहू. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांप्रमाणे कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते. आपल्याकडच्या शालेय स्पर्धांपासून राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत हेच नियम चालतात. बाकी सगळ्या रेषांप्रमाणे मधली रेषाही ५ सेंटिमीटर रुंद असते आणि दोन्ही बाजूंच्या रेषांबाहेर १५ सेंटिमीटर डोकावते. ज्या बास्केटचे रक्षण करायचे ती आपली, आणि तिच्याकडचा अर्धा भाग आपले बॅककोर्ट. ज्या बास्केटवर हल्ला करायचा तिच्याकडचा भाग फ्रंटकोर्ट. म्हणजे एका संघाचे बॅककोर्ट तेच दुसऱ्याचे फ्रंटकोर्ट. मग ती ५ सेंटिमीटरची पट्टी कोणाची? दोघांचीही, आणि दोघांसाठीही मागची. लाल संघ हल्ला करत असेल तर रेषा लालच्या बॅककोर्टात. चेंडू निळ्यांनी हिसकावून ते उलट निघाले की तीच रेषा निळ्यांच्या बॅककोर्टात. फ्रंटकोर्ट सुरू होते ते रेषा संपल्यावर. पुढे गेलेल्या खेळाडूच्या बुटाची टाच रेषेच्या रंगाला नुसती टेकली तरी तो मागे गेला, त्याचे कारण हेच. रेषेवर उभे राहणे म्हणजे मागे उभे राहणे, हे ज्याला पटले त्याचे निम्मे वाद मिटतात.

जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत हा खेळ मांडला, तेव्हा त्यांच्या १३ नियमांत या रेषेचा उल्लेखही नव्हता. ती आली ती एका खोडीमुळे. आघाडी मिळालेला संघ चेंडू घेऊन कोर्टभर फिरत राहायचा. पुढे दबाव आला की मागे पास, मागे कोणी धावून आले की पुढे. बास्केटकडे जायची गरजच नव्हती, कारण घड्याळ आपोआप जिंकून देत होते. अमेरिकेत १९३२-३३ च्या हंगामात यावर इलाज म्हणून मधली रेषा आणि १० सेकंदांची मुदत आली: दहा सेकंदांत चेंडू पुढे न्या आणि एकदा नेला की परत आणू नका.

इलाज अर्धाच होता. चेंडू पुढच्या अर्ध्यात नेऊनही तो नुसता धरून ठेवता येतोच. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सने मिनिआपोलिस लेकर्सना १९-१८ असे हरवले तो एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमधला सर्वांत कमी गुणांचा सामना. त्यात चेंडू धरून ठेवणे हीच चाल होती. १९५४ मध्ये सिरॅक्यूस संघाचे मालक डॅनी बियासोनी यांच्या आग्रहाने २४ सेकंदांचे शॉट क्लॉक, म्हणजे एवढ्या वेळात बास्केटवर फेक हवीच असे सांगणारे घड्याळ, आले आणि ती खोड मोडली. फिबाने १९५६ मध्ये ३० सेकंदांची मुदत घेतली. २००० मध्ये ती २४ वर आणली आणि त्याच वेळी रेषा ओलांडण्याचे १० सेकंद ८ केले. एनबीएने २००१-०२ च्या हंगामापासून ८ सेकंद स्वीकारले. अमेरिकेतली पुरुषांची महाविद्यालयीन स्पर्धा आणि तिथल्या शाळा अजून १० सेकंदांवर आहेत, आणि महाविद्यालयीन महिलांच्या खेळात तर ही मुदत २०१३-१४ पर्यंत नव्हतीच.

शॉट क्लॉक असताना बॅककोर्टचा नियम कशाला हवा, असा प्रश्न कधी कधी येतो. चोवीस सेकंदांत फेकायचेच आहे, मग चेंडू कुठेही फिरवू द्या की. माझ्या मते हा प्रश्न विचारणाऱ्याने बचाव करणाऱ्या पाच जणांच्या पायांचा हिशेब केलेला नसतो. पूर्ण कोर्ट ४२० चौरस मीटरचे. नियम नसता तर प्रत्येक बचावपटूच्या वाट्याला ८४ चौरस मीटर आले असते. चेंडू पुढच्या अर्ध्यात अडकला की राखायचे क्षेत्र २१० चौरस मीटर, म्हणजे प्रत्येकी ४२. झोन (जागा वाटून घेऊन बचाव), ट्रॅप (दोघांनी मिळून एकाला कोंडणे), मदतीला सरकणे हे सगळे शिकवता येते ते या आक्रसलेल्या जागेमुळे. थ्री-बाय-थ्री प्रकारात अर्धेच कोर्ट असल्याने हा नियम लागत नाही. तिथे बचावाने चेंडू मिळवला की तो कमानीबाहेर नेऊन मगच हल्ला करायचा असतो.

आता आठ सेकंद. मोजणी कधी सुरू होते ते नेमके माहीत हवे. आपल्या बॅककोर्टात जिवंत चेंडूचा ताबा मिळाला की लगेच. थ्रो-इन, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत टाकणे, असेल तर बाहेरच्या खेळाडूने चेंडू सोडल्यावर नाही; आत बॅककोर्टातल्या कोणत्याही खेळाडूचा नियमानुसार स्पर्श झाल्यावर. पिछाडीवरचे संघ शेवटच्या मिनिटांत थ्रो-इनचा चेंडू जमिनीवरून सरपटत सोडतात आणि त्यांचा खेळाडू त्याच्या शेजारून चालत जातो, हात लावत नाही. तो वेळ घालवतो आहे असे वाटते. प्रत्यक्षात तो वाचवतो आहे. हात लागेपर्यंत सामन्याचे घड्याळही थांबलेले असते, चोवीसचेही आणि आठचेही. बचाव करणाऱ्याने झेप घेतली की हात लावायचा. ही युक्ती साधी दिसली तरी फसते ती एका क्षणाच्या हयगयीने, कारण मोकळ्या चेंडूवर दोघांचाही हक्क सारखाच.

मुदत पुन्हा पहिल्यापासून कधी मिळते आणि उरलेल्या सेकंदांवर कधी भागवावे लागते, हा या नियमाचा सर्वांत दुर्लक्षित कोपरा आहे. समजा लालने पाच सेकंद घालवले आणि निळ्याने चेंडू टोलवून बाजूच्या रेषेबाहेर घालवला. थ्रो-इन लालचा, बॅककोर्टातच. लालकडे आता आठ सेकंद नाहीत, तीनच आहेत. लालचा खेळाडू जखमी होऊन खेळ थांबला, लालला टेक्निकल (शिस्तभंगाचा) फाऊल लागला, जंप बॉलची स्थिती (चेंडू दोघांच्या हातात अडकणे) होऊन ताब्याची पाळी दाखवणारा बाण लालकडे निघाला, दोघांना डबल फाऊल लागला किंवा सारख्या शिक्षा एकमेकांत खोडल्या गेल्या, तरी उरलेलेच सेकंद. निळ्याने फाऊल केला किंवा चेंडूला मुद्दाम पाय मारला, तर मात्र बॅककोर्टातल्या थ्रो-इनला नवे आठ. टाइम-आउटनंतर प्रशिक्षक हात उंचावून ‘आठ आहेत!’ सांगतात आणि प्रत्यक्षात तीनच असतात, हा प्रकार शालेय सामन्यांत सर्रास होतो. बाकावरच्या एकाने हे सेकंद मोजायचे काम घ्यावे. शॉट क्लॉक दिसत असेल तर सोपे आहे, नसेल तर बोटांवर.

आठ सेकंदांत चेंडू ‘पुढे गेला’ म्हणजे काय? कोणाच्याही ताब्यात नसलेला चेंडू फ्रंटकोर्टच्या जमिनीला टेकला तर गेला. दोन्ही पाय पूर्णपणे फ्रंटकोर्टात असलेल्या आपल्या खेळाडूला लागला तर गेला. शरीराचा काही भाग आपल्या फ्रंटकोर्टात असलेल्या बचावपटूला किंवा पंचाला लागला तरी गेला. आणि ड्रिबल करत, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत, नेताना तीन गोष्टी पुढे जाव्या लागतात: डावा पाय, उजवा पाय आणि चेंडू. तिन्ही फ्रंटकोर्टात टेकेपर्यंत खेळाडू मागेच धरला जातो.

या तीन गोष्टींच्या हिशेबात खेळाडूला मोठी सवलत आहे, आणि ती न वापरणारे अनेक आहेत. ड्रिबल करत आलेला खेळाडू एक पाय पुढे, एक पाय मागे असा रेषेवर थबकला, समोर दोघे अंगावर आलेले पाहून पाय मागे घेतला: काहीच चूक नाही. दोन्ही पाय पुढे गेले, पण चेंडू अजून रेषेच्या मागेच आपटतो आहे, आणि तो पुन्हा मागे सरकला: तरीही चूक नाही. फक्त आठाची मोजणी चालू आहे. उलट तिन्ही पुढे टेकून गेल्यावर एक पाय जरी रेषेला लागला, किंवा चेंडूचा एक टप्पा रेषेवर पडला, तर उल्लंघन. मागून आलेला पास झेलतानाही फिबाच्या नियमात ताबा पुढे गेला असे धरायला दोन्ही पाय फ्रंटकोर्टात लागतात. म्हणून झेलताना एक पाय पुढे टेकलेला आणि दुसरा हवेत असलेला खेळाडू तो दुसरा पाय मागे टेकवू शकतो. अमेरिकेतल्या शालेय नियमांत हे चालत नाही. तीन गोष्टींची सवलत तिथे फक्त ड्रिबलला आहे; झेललेल्या चेंडूसह एकच पाय पुढे टेकला आणि मागे काही टेकलेले नसेल, तर चेंडू पुढे गेला, मग दुसरा पाय मागे पडला की शिट्टी. तिकडे वाढणारी आपली मुले सुट्टीत इथल्या मैदानावर खेळायला उतरतात तेव्हा वाद पेटतो तो इथेच, आणि दोघेही आपापल्या पुस्तकाप्रमाणे बरोबर असतात.

मूळ नियमाचे, म्हणजे चेंडू मागे परतवण्याचे, खरे वजन ‘ताबा’ या शब्दावर आहे. लालचा खेळाडू दोन्ही पायांनी फ्रंटकोर्टात उभा राहून चेंडू धरतो, झेलतो किंवा ड्रिबल करतो, किंवा लालचे खेळाडू तिथे एकमेकांना पास देत असतात, तेव्हा लालचा फ्रंटकोर्टात ताबा आहे. त्यानंतर पुढच्या अर्ध्यात शेवटचा स्पर्श लालचा आणि मग पहिला स्पर्शही लालचा, आणि तो शरीराचा काही भाग बॅककोर्टाला टेकलेल्या खेळाडूचा किंवा चेंडू बॅककोर्टाला टेकून आल्यानंतरचा, असे झाले की उल्लंघन पूर्ण झाले. शेवटच्या तुकड्यात एक बारकावा दडला आहे. लालचे दोघे रेषेजवळ, दोघांचेही पाय पूर्ण पुढे. एकाने दुसऱ्याला टप्पा पास दिला आणि टप्पा पडला नेमका रेषेच्या मागे. झेलणारा पुढेच उभा आहे, झेलला पुढेच. तरीही उल्लंघन, कारण चेंडू मागच्या जमिनीला शिवून आला. तोच पास हवेतून, मागच्या भागावरून तरंगत गेला असता तर काहीही बिघडले नसते. हवेला मालक नसतो. जमिनीला आणि पायांना असतो.

आता निळ्याचा हात मध्ये येऊ द्या. लालचा पास निळ्याने टोलवला, चेंडू मागे गेला, लालने मागे जाऊन उचलला. चूक नाही, कारण पुढचा शेवटचा स्पर्श निळ्याचा. लालला नवे आठ सेकंदही मिळतात. पण निळ्याने टोलवलेला चेंडू मागे जाता जाता लालच्याच एखाद्या खेळाडूच्या गुडघ्याला घासला, तर शेवटचा स्पर्श लालचा झाला. आता लालने मागे हात लावला की शिट्टी. गुडघ्याला मुद्दाम लावला की चुकून, याने फरक पडत नाही. म्हणूनच गॅलरीतून दिसणारा आणि जवळून दिसणारा सामना वेगळा असतो: वरून चेंडूचा मार्ग दिसतो, घासणे दिसत नाही.

पंचाला चेंडू लागला तर पंच म्हणजे तो जिथे उभा आहे ती जमीन. लालने बॅककोर्टातून टाकलेला पास, एक पाय पुढे आणि एक पाय मागे ठेवून उभ्या असलेल्या पंचाला लागून लालकडेच मागे परतला, तर उल्लंघन नाही, कारण फ्रंटकोर्टात लालच्या कोणाचा ताबा झालाच नव्हता. पण चेंडू पुढे जाऊन आला, म्हणून आठाची मोजणी पंचाला लागल्या क्षणी थांबली, आणि लालने मागे पुन्हा स्पर्श केल्यापासून नवी सुरू झाली. रेषेवर पाय फाकून उभ्या राहिलेल्या बचावपटूच्या अंगाला लागून परतलेल्या चेंडूचेही तसेच. प्रेस करणाऱ्या, म्हणजे समोरच्यांच्या बॅककोर्टातच दबाव आणणाऱ्या, संघाने सात सेकंद घाम गाळून कोंडी केलेली असते, आणि त्यांच्याच पुढच्या माणसाच्या हाताला निसटता लागलेला चेंडू समोरच्यांना आठ सेकंद भेट देऊन जातो. प्रेसमध्ये पुढे झेपावण्याआधी आपला पाय रेषेच्या कोणत्या बाजूला आहे हे बघायला शिकवतात ते यासाठी.

शॉट मारला, की चेंडू हातातून सुटताच संघाचा ताबा संपतो. मग लांब उडालेला रिबाऊंड, म्हणजे फेक चुकून परतलेला चेंडू, लालनेच बोटांनी मागे ढकलला आणि लालनेच मागे जाऊन घेतला, तर ते वैध आहे. आरोळी सर्वांत मोठी उठते ती याच प्रसंगी. सामना सुरू होतानाच्या जंप बॉलचेही तसेच. टोलवणे म्हणजे ताबा नव्हे.

हवेतल्या खेळाडूसाठी एक खास मुभा आहे. निळ्याचा खेळाडू आपल्या फ्रंटकोर्टातून उडी मारतो, लालचा पास हवेतच पकडतो आणि उडीच्या ओघात आपल्या बॅककोर्टात उतरतो. हवेतला माणूस जिथून उडाला तिथलाच धरला जातो, म्हणून एरवी हे उल्लंघन ठरले असते. पण त्याने हवेत असतानाच संघासाठी नवा ताबा मिळवला, म्हणून त्याला उतरू दिले जाते. एक पाय पुढे, एक मागे असा उतरला तरीही. ही मुभा ‘नवा’ या शब्दावर टिकून आहे. थ्रो-इनला ती नाही, कारण बाहेर चेंडू धरून उभ्या असलेल्या खेळाडूकडेच संघाचा ताबा आधीपासून असतो. लालच्या सहकाऱ्याने फ्रंटकोर्टातून उडी घेऊन थ्रो-इन हवेत झेलला आणि तो मागे उतरला, तर शिट्टी.

टीव्हीवर एनबीए बघून शिकलेली मुले नेमकी इथेच फसतात. चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत आणि जादा वेळेत एनबीए फ्रंटकोर्टातला थ्रो-इन बॅककोर्टात घेऊ देते. तोच प्रकार मुंबईत नागपाड्याच्या मस्तान वायएमसीएच्या कोर्टवर किंवा कुठल्याही जिल्हा स्पर्धेत केला तर चेंडू जातो. फिबात फ्रंटकोर्टातला थ्रो-इन फ्रंटकोर्टातच टाकावा लागतो. अपवाद दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या क्वार्टरच्या आणि जादा वेळेच्या सुरुवातीचा. तिथे खेळाडू गुणलेखकाच्या टेबलाच्या पलीकडच्या, समोरच्या बाजूला, मधल्या रेषेच्या बाहेर डोकावणाऱ्या त्या १५ सेंटिमीटरच्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून उभा राहतो आणि कोर्टवर कुठेही पास देऊ शकतो.

नियम कळला की त्याचा हत्यार म्हणून उपयोग कळतो. मधली रेषा आणि बाजूची रेषा मिळतात तो कोपरा, रेषा ओलांडल्यावर लगेचचा, हल्ला करणाऱ्यासाठी कोर्टवरची सर्वांत वाईट जागा आहे. एका अंगाला बाजूची रेषा, पाठीमागे मधली रेषा. दोन बचावपटू फुकटचे मिळाले. खरे दोघे धावून आले की चौघे झाले. चांगला ट्रॅप असा लागतो: एक बचावपटू चेंडूवाल्याला बाजूच्या रेषेकडे ढकलत आणतो, मधल्या बाजूची वाट देत नाही, तो रेषा ओलांडून तिसरे-चौथे पाऊल टाकतो तोच दुसरा मधून येतो, दोघांचे गुडघे जवळ, हात वर, चेंडूवर झडप नाही. चेंडू मागे देता येत नाही, म्हणून उरलेल्या तिघांनी पुढच्या आणि आडव्या पासच्याच वाटा धरायच्या. ट्रॅप फसतो तो बहुतेक वेळा दुसऱ्याच्या घाईने. चेंडू रेषा ओलांडण्याआधीच तो आला की मागे पास द्यायची वाट उघडी असते आणि पुढे एक माणूस मोकळा सुटतो.

हल्ला करणाऱ्यांनी यावर सराव करायचा तो असा. मधल्या रेषेपासून फ्रंटकोर्टात दोन मीटरवर आडवी चिकटपट्टी लावायची. या दोन मीटरच्या पट्ट्यात ड्रिबल संपवायचा नाही, उभे राहायचे नाही, पास मागायचा नाही. पट्टा ओलांडायचा किंवा त्याच्या आधीच, मागेच थांबायचे. मोकळी वाट असेल तर अर्धे कोर्ट तीन-चार सेकंदांत पार होते, म्हणजे घाई करून रेषेला चिकटून थांबण्याचे कारणच नसते. प्रेस तोडताना एक खेळाडू मधल्या वर्तुळाच्या आसपास चेंडूकडे तोंड करून यावा आणि एक चेंडूच्या मागे तिरका राहावा. चेंडू पुढे जाऊन तिन्ही गोष्टी टेकेपर्यंत तो मागचा माणूसच सुटकेची वाट असतो. टेकल्यावर त्याने लगेच रेषा ओलांडून पुढे यायचे. हे विसरल्याने होणारी चूक फार ओळखीची आहे: बाजूला अडकलेला खेळाडू सवयीने मागे पास देतो आणि तो झेलायला अजून बॅककोर्टातच उभा असलेला सहकारी हात पुढे करतो.

मधल्या रेषेजवळ, वरच्या जागेवर पास घेणाऱ्याने पाठ रेषेकडे ठेवून मागे मागे सरकू नये, चेंडूकडे पाऊल टाकत झेलावा. पिव्हट करताना, म्हणजे एक पाय रोवून फिरताना, मोकळा पाय मागे फेकायची सवय असलेल्यांनी तर रेषेपासून दोन हात लांबच राहावे.

पंचांच्या बाजूने पाहिले तर हे काम ट्रेलचे, म्हणजे चेंडूच्या मागे राहणाऱ्या पंचाचे. त्याला एकाच नजरेत दोन पाय, एक चेंडू, एक रेषा आणि मनातली मोजणी सांभाळायची असते. आठ सेकंद झाले की आठ बोटे. चेंडू मागे परतवला की शरीरासमोर तर्जनी रोखून हात हलवायचा. आपल्याकडच्या अनेक शाळांच्या सिमेंटच्या कोर्टवर व्हॉलीबॉल, बॅडमिंटन आणि हँडबॉलच्याही रेषा एकमेकींवर रंगवलेल्या असतात आणि उन्हाने सगळ्यांचाच रंग उडालेला असतो. सामन्याआधी दहा मिनिटे काढून मधली रेषा खडूने किंवा पट्टीने ठळक करणे ही आयोजकांची जबाबदारी आहे. ५ सेंटिमीटर दिसतच नसतील तर पंच काय बघणार?

शिक्षा काय, तर चेंडू समोरच्या संघाला, उल्लंघन झाले त्याच्या जवळच्या जागेवरून थ्रो-इन. ती जागा त्यांच्या फ्रंटकोर्टात असते. म्हणजे त्यांना ना आठ सेकंदांची चिंता, ना प्रेस तोडण्याची. पण या शिक्षेतच शेवटच्या क्षणांसाठी एक शहाणपण आहे. लालच्या बोटांना लागून चेंडू मागे घरंगळला आहे. उल्लंघन अजून झालेले नाही. लालचा हात लागेल तेव्हाच होईल. मागे निळ्याचा एक जण धावत सुटला आहे, त्याच्या पुढे बास्केटपर्यंत कोणी नाही. लालचा जवळचा खेळाडू ‘हात लावला तर बॅककोर्ट’ एवढेच आठवून थांबला, तर निळा चेंडू उचलून एकट्याने ले-अप (बास्केटजवळून सोपी फेक) घालून येतो. त्याने झेप घेऊन हात लावला तर शिट्टी होते, घड्याळ थांबते, लालचे पाचही जण चेंडू आणि बास्केट यांच्यामध्ये उभे राहतात, आणि निळ्याला दोन गुणांऐवजी बाजूच्या रेषेवरून एक थ्रो-इन मिळतो. मागे कोणीच धावत नसेल, तर मात्र लालने चेंडूकडे धावायचे, त्याच्या आणि निळ्याच्या मध्ये उभे राहायचे आणि हात लावायचा नाही. निळ्याला आधी लागू द्यायचा.